घराची देवडी

बडोद्याच्या जुन्या शहराला चार दरवाजे. मांडवीत उभे राहिले की चारही दिशांचे चार दरवाजे आपोआप ध्यानात येतात: लहरीपुरा, पाणी, गेंडी आणि चांपानेर. कोट पडला, दरवाजे राहिले. पण त्या काळी दरवाजा नुसता असून भागत नसे. दरवाजाशी देवडी असे आणि देवडीवर माणूस असे. आत कोण आले, बाहेर कोण गेले, कोणाचा गाडा आधी सोडायचा आणि कोणाला घटकाभर थांबवायचे, हे तो ठरवी. दरवाजा कितीही रुंद असो, देवडीवरचा माणूस झोपाळू असेल तर गाड्यांची रांग मांडवीपर्यंत लागायचीच!

दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या आपल्या जुन्या वाड्यांनाही अशीच देवडी असे. वाडे गेले, त्यांच्या जागी सदनिका आल्या, आणि देवडी गेली असे आपण समजून चाललो. वस्तुतः ती गेलेली नाही. प्रत्येक घरात ती नव्याने आली आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, बहुधा दूरदर्शन संचाच्या मागे, हिरवे दिवे लुकलुकणारा जो डबा असतो, तीच आजची देवडी. त्याला राउटर म्हणतात. घरातले सारे मोबाईल, संगणक, दारावरचा कॅमेरा, सगळ्यांचे बाहेरच्या जगाशी येणे-जाणे त्या एका डब्यातून होते. त्या देवडीवर बसलेला माणूस कोणाचा, आपला की दुसऱ्या कोणाचा, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय गाणे शिकविण्याचा. राजदरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या माणसाने यंत्राविषयी लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. पण हा प्रश्न त्याच्यापुढे आला तो गाण्याच्याच वाटेने, आणि तोही कोयलीच्या एका मराठी घरात.

कोयली म्हटले की बडोदेकरांना रिफायनरी आठवते. १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली, सोव्हिएत तंत्रज्ञांच्या साहाय्याने ती उभी राहिली आणि १९६५ मध्ये सुरू झाली. तिच्या पाठोपाठ नोकरीनिमित्त जी कुटुंबे त्या बाजूस गेली, त्यांत आपली मराठी कुटुंबेही होती. त्यांपैकीच एक हे घर. काका रिफायनरीच्या उपकरण विभागातून निवृत्त झालेले. सारा जन्म दाब, प्रवाह आणि झडपा यांची मापे घेण्यात गेलेला. काकू गाणाऱ्या. गेली कित्येक वर्षे दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला त्या न्यू जर्सीतल्या आपल्या नातीला गाणे शिकवितात. उन्हाळ्यात तिकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. नात जन्मापासून तिकडची. घरात मराठी बोलते ती थोडी अडखळत. पण आजीबरोबर गाताना अडखळत नाही. काकू एकदा म्हणाल्या, "मास्तर, हिचं मराठी टिकलंय ते या एका तासावर." त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

हा तास बंद पडायची वेळ आली होती. काकूंनी स्थायीची ओळ म्हणावी आणि नातीपर्यंत ती तुकड्यातुकड्यांनी पोहोचावी. कधी ओळ लगेच जाई, कधी मात्राभर उशिराने, तर कधी दोन ओळी एकदम जाऊन आदळत. नात कंटाळू लागली. इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या माणसाने मोठी योजना घ्यायला सुचविले, काकांनी घेतली. चित्रपट झरझर येऊ लागले, गाणे होते तिथेच राहिले. मला बोलावणे आले ते ध्वनीचा काही दोष आहे का, हे ऐकण्यासाठी. तासभर ऐकल्यावर काकूच म्हणाल्या, "दोष मुलीचा नाही नि माझाही नाही. मधेच कोणीतरी आवाज धरून ठेवतंय."

हे निदान अक्षरशः खरे होते. आवाज धरून ठेवणारा तो 'कोणीतरी' घरातच, कोपऱ्यात बसलेला होता.

इंटरनेटवर आवाज सलग जात नाही. त्याची लहान लहान पाकिटे होतात आणि ती एकामागून एक रवाना होतात. घरातून बाहेर जाणारी वाट बहुधा अरुंद असते. रविवारी संध्याकाळी घरातली मंडळी बाहेरून परतली, की प्रत्येकाचा मोबाईल दिवसभराचे फोटो आपण होऊन दूरच्या साठवणीत पाठवू लागतो. दारावरचा कॅमेराही आपली चित्रे पाठवीत असतो. ही सारी पाकिटे डब्यापाशी जमतात. डब्यात त्यांच्यासाठी एक टाकी असते. टाकी भरत जाते, रांग वाढते, आणि काकूंच्या आवाजाचे चिमुकले पाकीट त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहते.

हिशेब करून पाहा. समजा, घरातून बाहेर जाण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट आहे आणि डब्याची टाकी १ मेगाबाईटची, म्हणजे ८ मेगाबिटांची आहे. टाकी भरलेली असताना आलेल्या पाकिटाला बाहेर पडायला ०.८ सेकंद लागणार. मिनिटाला ७५ मात्रांची मध्यलय धरली, तर एक मात्रा होते बरोबर ०.८ सेकंदाची. म्हणजे समेवर म्हटलेला स्वर दाराबाहेर पडेपर्यंत दुसरी मात्रा सुरू झालेली असते! बरे, ही टाकी सदैव भरलेली असती तरी एक वेळ जमवून घेता आले असते. ती भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. गाणाऱ्याला उशीर सोसतो. अनिश्चित उशीर सोसत नाही. ठेका संथ असला तरी चालतो, पण तबलजी मधेच डुलकी घेऊ लागला तर कोणाचाही गवई बिघडेल.

हा रोग कोयलीचाच नव्हे, साऱ्या जगाचा आहे. अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरातच तो पकडला. मोठी फाईल पाठवीत असताना घरातल्या इतरांचे इंटरनेट का कुचंबते, याचा त्यांनी छडा लावला आणि या व्याधीस 'बफरब्लोट', म्हणजे टाकीचे पोटफुगी होणे, असे नाव मिळाले. स्मरणशक्तीच्या चिपा स्वस्त झाल्या म्हणून बनविणाऱ्यांनी टाक्या मोठ्या केल्या होत्या. मोठी टाकी म्हणजे अधिक चांगली, अशी भाबडी समजूत. २०१२ मध्ये कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी उपाय दिला, त्याचे नाव 'कोडेल'. पाकिटे किती साठली हे तो मोजीत नाही. एकेक पाकीट किती वेळ ताटकळले, हे मोजतो. ताटकळणे ५ सहस्रांश सेकंदांच्या वर गेले आणि सुमारे १०० सहस्रांश सेकंद तसेच राहिले, तर तो एखादे पाकीट टाकून देतो. पाठविणाऱ्या यंत्राला त्यावरून इशारा मिळतो आणि ते आपला वेग आवरते. त्याला जोड मिळाली ती न्याय्य रांगेची: प्रत्येक संभाषणाची रांग वेगळी, आणि जो थोडे थोडे पाठवितो त्याला आधी वाट. फोटोंच्या गाड्याने आपल्या रांगेत उभे राहावे, काकूंच्या स्वराला पुढे जाऊ द्यावे. ही दोन्ही अंगे एकत्र केलेला उपाय त्याच वर्षी लिनक्समध्ये आला; त्याची अधिक सुधारलेली आवृत्ती, 'केक' नावाची, २०१८ मध्ये आली.

हे कळल्यावर काका हसले. म्हणाले, "मास्तर, हे तर आमचंच काम झालं! नळी रुंद करून काय होणार? झडप योग्य जागी बसली पाहिजे." आणि त्यांनी ठरविले की देवडीवर आपला माणूस बसवावयाचा. कंपनीच्या डब्यात ही झडप बसविण्याची सोय नव्हती. माळ्यावर मात्र मुलाचा जुना संगणक पडून होता.

आता हा लिनक्स कोण, हे थोडक्यात सांगावयास हवे. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने संगणक चालविणाऱ्या मूळ प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसमोर उघडा ठेवला. पुढच्याच वर्षी त्याला असा परवाना जोडला, की कोणीही तो वाचावा, वापरावा, बदलावा. मात्र बदलून दुसऱ्याला दिलात तर बदलाची संहिताही द्यावी. जगभरच्या हजारो जणांनी त्यात भर घातली. आज आपल्या अँड्रॉइड मोबाईलच्या पोटात तोच आहे आणि बाजारातल्या पुष्कळ राउटरांच्या पोटातही तोच आहे.

बडोद्याच्या माणसाला ही रीत परकी वाटू नये. गाण्याची विद्या एके काळी घराण्याच्या कुलुपात असे. चांगली चीज शिष्यालाही वर्षानुवर्षे मिळत नसे. मुलीच्या लग्नात बंदिशी आंदण दिल्याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या आहेत. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी याच शहरात गायनशाळा उघडली. सामान्य घरातली मुले शाळेत जाऊन गाणे शिकू लागली, आणि मौलाबक्षांनी स्वरलेखनाची पद्धत बसवून पुस्तके छापली. १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच, पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने. भातखंड्यांनी उस्तादांकडून मिळविलेल्या बंदिशी स्वरलिपीसह मराठीतून छापून 'क्रमिक पुस्तक मालिके'त सर्वांच्या हाती दिल्या. तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. विद्या अशी चव्हाट्यावर मांडली तर तिची किंमत काय राहणार, म्हणाले. किंमत राहिली. इतकेच नव्हे, ज्या बंदिशी छापल्या गेल्या नाहीत त्यांतल्या कितीएक त्यांच्या धन्यांबरोबरच गेल्या. उघडी विद्या टिकते, हा आपल्या गावचा अनुभव आहे.

राउटरच्या बाबतीतही असाच एक प्रसंग घडला. २००२ च्या अखेरीस लिंकसिस कंपनीचा एक निळा-काळा राउटर बाजारात आला. त्याच्या पोटात लिनक्स असल्याचे जाणकारांच्या ध्यानात आले. परवान्याप्रमाणे संहिता द्या, अशी मागणी झाली आणि २००३ मध्ये कंपनीला ती प्रसिद्ध करावी लागली. तिच्या पायावर २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प सुरू झाला. आजही तो चालू आहे आणि शेकडो जातींच्या डब्यांत कंपनीची प्रणाली काढून ही मोकळी प्रणाली घालता येते. ज्यांना वेगळा संगणक मांडावयाचा नसेल त्यांच्यासाठी तोही एक मार्ग आहे.

काकांनी मात्र संगणकाचाच मार्ग धरला. तो असा.

पहिली गरज दोन तोंडांची. देवडीला एक दार बाहेर असते, एक आत. तसेच या संगणकाला जाळ्याची तार खोचण्याच्या दोन जागा हव्यात. साध्या संगणकाला एकच असते; दुसरीसाठी एक लहान कार्ड विकत आणून बसविले. त्यावर डेबियन ही लिनक्सची आवृत्ती घातली. ती फुकट उतरवून घेता येते आणि तिच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला साधारण ५ वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात. एकदा बस्तान बसले की पडदा आणि कळफलक काढून ठेवावयाचे. पुढची देखभाल घरातल्या दुसऱ्या संगणकावरून करता येते.

दुसरे काम कंपनीच्या डब्याची पदावनती करण्याचे. कंपनीला सांगून तो 'ब्रिज' पद्धतीवर टाकावयाचा. म्हणजे त्याने तारेतला प्रकाश घ्यावा आणि पाकिटे जशीच्या तशी पुढे द्यावीत; हुकूम सोडू नयेत. कंपनीने दिलेले नाव आणि परवलीचा शब्द मग आपल्या लिनक्सने सांगावयाचा. काही कंपन्या ही सवलत देत नाहीत. तेव्हा डबा आहे तसा ठेवून त्याच्या आत आपली देवडी बांधावी. दोन देवड्या होतात, थोडी गैरसोय होते. पण काम होते.

तिसरे काम पहाऱ्याचे, आणि इथे क्रम फार महत्त्वाचा. लिनक्सचा स्वभाव मुळात असा, की जे पाकीट आपल्या नावाचे नाही ते तो पुढे धाडीत नाही. एका ठिकाणी शून्याच्या जागी एक लिहिला, की तो धाडू लागतो. पण हा एक लिहिण्यापूर्वी पहारा बसलेला पाहिजे. त्यासाठी 'एनएफटेबल्स' नावाचे साधन आहे. २०१४ पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. नियम मोजके: बाहेरून आपण होऊन येणाऱ्या सर्वांस मज्जाव; आतून बाहेर जाणाऱ्यांस परवानगी; आणि आतल्याने बाहेर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर घेऊन येणाऱ्यास परवानगी. नव्या सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांनाही हेच नियम लागू करावयाचे असतात. त्या पद्धतीत घरातल्या प्रत्येक यंत्राला जगातला स्वतंत्र पत्ता मिळतो, त्यामुळे तिथे पहारा अधिकच हवा.

चौथे काम बहुरूप्याचे. जुन्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे जगातल्या माणसांपेक्षाही कमी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. म्हणून साऱ्या घराला मिळून बाहेरचा एकच पत्ता मिळतो आणि आतल्या यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते देतात. आतले पाकीट बाहेर पडताना देवडीवाला त्याच्यावर घराचा पत्ता चढवितो. उत्तर आले की वहीत पाहून ज्याचे त्याला देतो. लिनक्समध्ये या कामाचे नावच 'मास्करेड' आहे, म्हणजे सोंग घेणे. नेट कोणी शोधले ते असो, पण बहुरूपी आपल्याकडेच जुना!

पाचवे, आतल्या यंत्रांना पत्ते वाटणे आणि नावांचे पत्ते सांगणे. 'डीएनएसमास्क' हा छोटासा कार्यक्रम ही दोन्ही कामे करतो. सहावे, वाय-फाय. त्यासाठी घरातला जुना राउटर टाकून न देता त्याची पत्ते वाटण्याची सोय बंद केली आणि तो आतल्या तोंडाला जोडला. आता तो केवळ लहरी पसरवितो.

सातवे काम मुख्य, झडपेचे. बाहेर जाण्याचा खरा वेग मोजून घ्यावयाचा आणि 'केक'ला त्याहून किंचित कमी वेग सांगावयाचा. १० असेल तर ९. वाचक विचारतील, हाती असलेला वेग कमी का करावयाचा? कारण साधे आहे. असे केले म्हणजे पाकिटांची रांग कंपनीच्या डब्यात लागत नाही, आपल्या देवडीवर लागते. आणि रांग जिथे लागते तिथेच शिस्त लावता येते. आत येणाऱ्या वाहतुकीलाही असाच लगाम घालता येतो. तिला एका कल्पित दारातून फिरवून आणावे लागते, इतकेच.

हे सारे व्हायला काकांना तीन रविवार लागले. चौथ्या रविवारी त्यांनी मुद्दाम सगळ्यांच्या मोबाईलांवरून फोटो पाठवायला लावले आणि काकूंना गायला बसविले. भूपातली साधी सरगम होती. काकूंनी ओळ म्हटली, पलीकडून ओळ परत आली. पुन्हा म्हटली, पुन्हा आली. दर वेळी तेवढ्याच अंतराने. काकूंनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलविली आणि अंतऱ्याकडे वळल्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर कोणी भलतीच आशा धरील. बडोद्यापासून न्यू जर्सी सरळ रेषेत सुमारे १२,००० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका बाजूच्या प्रवासालाच निदान ०.०६ सेकंद, तारा वळसे घेत जातात, त्यामुळे प्रत्यक्षात जाऊन-येऊन ०.२ सेकंद किंवा अधिकच. एकत्र लय धरावयाची तर एका बाजूचा उशीर साधारण पंचवीस-तीस सहस्रांश सेकंदांच्या आत हवा. तेव्हा आजी-नातीने एका सुरात, एका वेळी गाणे हे कोणत्याही राउटरने साधणार नाही. पण आपल्या तालमीची रीत मुळातच वेगळी आहे. गुरूने म्हणावे, शिष्याने मागून म्हणावे. ठराविक अंतर राहिले की ही रीत सुखेनैव चालते. तानपुरा मात्र दोन्हीकडे स्वतंत्र, एकाच पट्टीत लावावा. शिवाय बोलण्यासाठी केलेले कार्यक्रम अखंड नादाला गोंगाट समजून पुसून टाकतात. तेव्हा गोंगाट गाळण्याची सोय बंद करावी.

खर्चाचाही विचार हवा. जुना मोठा संगणक ७० वॅट घेत असेल, तर अहोरात्र चालून वर्षाला सुमारे ६१३ युनिटे जाळील. १० वॅटचा लहानसा वापरलेला संगणक ८८ युनिटांत भागवितो. त्यामुळे प्रयोग जुन्यावर करावा, पण कायमचा कारभार लहानाकडे सोपवावा, हे काकांचे मत. त्यांनी तसेच केले. शिवाय कोयलीचा उन्हाळा ध्यानात घेऊन तो बंद कपाटात न ठेवता हवेशीर फळीवर ठेवला, आणि वीज जाऊन आली की आपण होऊन सुरू व्हावा अशी व्यवस्था केली.

पण या साऱ्या उपद्व्यापातला सर्वांत शहाणा प्रश्न काकूंचा होता. "हे सगळं तुमच्या डोक्यात. तुम्ही गावाला गेलात आणि बंद पडलं, तर मी कोणाला विचारू?" हा प्रश्न क्षुल्लक नाही. घराण्याची विद्या एका माणसाच्या गळ्यात राहिली म्हणजे काय होते, हे वर सांगितलेच आहे. काकांनी मग एक दोनशे पानी वही घेतली आणि मराठीत सगळे लिहून काढले: कोणती तार कोठे, कोणता नियम कशासाठी, कोठला आकडा का. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत: 'काहीच चालेना तर लाल तार काढून जुन्या डब्यात लावा, तेवढ्याने घर चालेल.' ती वही आज काकूंच्या बंदिशींच्या वह्यांशेजारी असते. ज्याला आपली देवडी आपल्या हाती घ्यावयाची आहे त्याने यंत्राआधी अशी वही आणावी, असे मी म्हणेन.

कोणी विचारील, एवढे कशाला? कंपनीचा डबा आहे, तो चालतो. चालतो खरा. पण २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या उपद्रवाने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर हाताखाली घेतले, ते केवळ कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द कोणी बदलले नव्हते म्हणून. २०१८ मध्ये पुन्हा तसेच झाले. त्या वेळी पाच लाखांवर डबे बाधित झाल्याचे निघाले. कंपनी पुष्कळदा काही वर्षांनी जुन्या डब्याच्या दुरुस्त्या थांबविते, डबा मात्र कोपऱ्यात लुकलुकत राहतो. देवडीवरचा माणूस केव्हाच फितूर झाला असला तरी घरधन्याला पत्ता नसतो. लिनक्स घेतला म्हणजे हे आपोआप टळते असे नाही. दुरुस्त्या वेळच्या वेळी चढवाव्या लागतात. फरक इतकाच, की त्या मिळत राहतात आणि चढविणे आपल्या हाती असते.

याच्या जोडीला एक जबाबदारीही येते. घरातले कोण कोणत्या ठिकाणी जाते, हे देवडीवर दिसते. सुनेने काय वाचले, नातवाने काय शोधले, याच्या नोंदी ठेवणे यंत्राला सोपे आहे. काकांनी त्या नोंदी बंद ठेवल्या आहेत. रखवालदाराने पाहिलेले देवडीतच राहावे, ही जुन्या घरांची मर्यादा नव्या देवडीलाही लागू आहे.

प्रत्येकाने घरात लिनक्सचा संगणक मांडावा असे मुळीच नाही. पण दोन गोष्टी कोणालाही करता येतील. एक म्हणजे आपल्या डब्याचा कारखान्याचा परवलीचा शब्द आजच बदलावा. दुसरी म्हणजे परगावच्या मुला-नातवंडांशी बोलताना आवाज तुटू लागला, तर लगेच मोठी योजना घेऊ नये. आधी घरातले फोटो आणि चित्रे बाहेर पाठविणारी यंत्रे घटकाभर थांबवून पाहावे. आवाज सुधारला तर दरवाजा अरुंद नाही, देवडीवर शिस्त नाही, हे समजावे. ती शिस्त लावण्याची विद्या कोणी तिजोरीत ठेवलेली नाही. ती उघडी आहे, फुकट आहे, आणि निवृत्त माणसाला तीन रविवारांत शिकता येईल इतकी सरळ आहे.